कायदा संसदेत जाण्याआधी हमाल आणि मालक एका टेबलाशी बसू द्या

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

पुण्याच्या मार्केट यार्डात माझा भुसार मालाचा गाळा आहे. डाळी, कडधान्यं, हंगामात थोडा गूळ. माझा माल उतरवणारी हमालांची टोळी हमालांची मजुरी आणि निधी सांभाळणाऱ्या माथाडी मंडळात नोंदलेली आहे आणि मी त्याच मंडळात नोंदलेला मालक आहे. नव्या कामगार संहितांवर, म्हणजे जुने कामगार कायदे एकत्र करून केलेल्या चार कायद्यांवर, सध्या जी चर्चा चालली आहे, तीत कामगार संघटनांचं म्हणणं वाचायला मिळतं, मोठ्या उद्योगांचंही मिळतं. दोन-चार माणसं आणि एक टोळी यांच्या जोरावर धंदा करणाऱ्याचं म्हणणं मात्र कुठे दिसत नाही, म्हणून हे पत्र लिहितो आहे.

माझी मागणी एकच आहे. देशाच्या अर्थव्यवहाराला हात घालणारं कोणतंही विधेयक संसदेत मांडण्यापूर्वी कामगारांच्या आणि मालकांच्या प्रतिनिधींसमोर, दोघं एकत्र बसलेले असताना, ठेवणं सरकारवर कायद्यानं बंधनकारक करावं. त्यांचं मत लेखी घ्यावं आणि ते विधेयकाबरोबरच खासदारांच्या हातात द्यावं.

२०२० चा सप्टेंबर आठवून पाहा. २० तारखेला राज्यसभेत शेतमाल व्यापाराची दोन विधेयकं मंजूर झाली. २२ तारखेला जीवनावश्यक वस्तू कायद्यातली दुरुस्ती झाली. २३ तारखेला औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि कामाच्या ठिकाणची सुरक्षितता या तीन संहिता झाल्या. वेतन संहिता आदल्या वर्षीच झालेली होती. चार दिवसांत आमच्या यार्डात पोती उचलणारा, तोलणारा, विकणारा आणि विकत घेणारा अशा प्रत्येकाच्या धंद्याचे नियम बदलणारे कायदे मंजूर झाले. बाजार समितीच्या आवाराबाहेर बाजारशुल्क न भरता शेतमालाची खरेदी-विक्री करता येईल, असं पहिला कायदा सांगत होता. मग बाहेरच्या गोदामात थप्पी कोण लावणार, तोलणारानं कुठे जायचं, हमालाच्या मजुरीवरची लेव्ही, म्हणजे त्याच्या निधी-दवाखान्यासाठी मालकानं मजुरीवर भरायची जादा रक्कम, कोण भरणार? या प्रश्नांचा त्या कायद्यात मागमूस नव्हता. परवान्यांची कटकट कमी व्हावी असं मलाही वाटतं, त्यामुळे त्यातलं काही मला पटतही होतं. पण हमालाच्या बाजूनं कुणीतरी आणि माझ्या बाजूनं कुणीतरी तो मसुदा आधी वाचला असता, तर हे प्रश्न पहिल्या बैठकीतच पुढे आले असते.

पुढे काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. शेतकरी वर्षभर दिल्लीच्या सीमांवर बसले, १२ जानेवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं स्थगिती दिली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात कायदे मागे घेतले गेले. कामगार संहितांचं वेगळंच झालं. मंजूर होऊन त्या पाच वर्षं तशाच राहिल्या आणि २१ नोव्हेंबर २०२५ रोजी एकदम लागू झाल्या. २९ जुने कायदे त्यांत सामावले गेले. कामगार कपातीसाठी सरकारची परवानगी लागण्याची मर्यादा शंभर कामगारांवरून तीनशेवर गेली. सरकार म्हणतं की आम्ही त्रिपक्षीय बैठका घेतल्या; बहुतेक केंद्रीय कामगार संघटना म्हणतात की आमचं ऐकलं गेलं नाही. दोघांपैकी कोण खरं, हे माझ्यासारख्या माणसानं ठरवायचं कसं? त्या बैठकांत कोण काय बोललं आणि सरकारनं त्यातलं काय घेतलं, काय सोडलं, का सोडलं, याचा एकही कागद विधेयकाला जोडलेला नव्हता.

हे फक्त कामगार कायद्यांपुरतं आहे असं कुणी समजू नये. कर आणि साठ्याचे नियम हमालाच्या पाठीपर्यंत पोचतात. २ जुलै २०२१ रोजी केंद्रानं डाळींवर साठ्याची मर्यादा घातली: घाऊक व्यापाऱ्याला दोनशे टन, त्यातही एका प्रकारची डाळ शंभर टनांच्या वर नाही. शंभर टन म्हणजे पाच-सहा ट्रक. नवी आवक होण्याआधी माल भरून ठेवणाऱ्या कुठल्याही बाजारात हे चालणारं नव्हतं. खरेदी थांबली. ट्रक आला नाही तर मला व्याजाचा फटका बसतो, पण हमालाची त्या दिवसाची मजुरीच जाते, कारण त्याची मजुरी पोत्यावर असते. १९ जुलैला सरकारनंच मर्यादा पाचशे टनांवर नेली. पहिला आकडा ठरवण्याआधी दोन आडते आणि दोन मुकादम यांना समोर बसवून विचारलं असतं तर ही मधली फरफट झाली नसती. साठेबाजीला आळा घालायलाच हवा, त्याबद्दल माझी तक्रार नाही. आकडा कुणाला विचारून ठरला, एवढाच माझा प्रश्न आहे.

मग २०२२. जूनच्या शेवटी चंडीगडला जीएसटी परिषदेची बैठक झाली आणि १८ जुलैपासून आधीच पॅक केलेल्या, लेबल लावलेल्या धान्य-डाळींवर पाच टक्के कर आला. पोतं २५ किलोपर्यंतचं असेल तर कर, त्यावर असेल तर नाही. १६ जुलैला देशभरातल्या धान्य बाजारांनी बंद पाळला. नेमकं कशाला पॅक म्हणायचं आणि कशाला नाही, याची प्रश्नोत्तरं कर खात्यानं १७ जुलैला काढली, म्हणजे अंमलबजावणीच्या आदल्या दिवशी. परिणाम काय झाला? कराच्या रेषेच्या जरा वर राहायला तांदळाची २६ किलोची पोती बाजारात आली. हमालीचा दर पोत्याच्या वजनावर ठरतो. ज्या हमालांच्या आधीच्या पिढीनं शंभर किलोची पोती वाहिली आणि पन्नास किलोच्या पोत्यासाठी आयुष्यभर आंदोलनं केली, त्यांच्या पाठीवरचं ओझं किती किलोचं असावं हे एका करसवलतीच्या मर्यादेनं ठरू लागलं. जीएसटी परिषदेत केंद्राचे आणि राज्यांचे मंत्री बसतात. तिथं ना व्यापाऱ्याची खुर्ची आहे, ना हमालाची.

आणि हे आम्हाला जास्त खटकतं, कारण महाराष्ट्रानं दुसरा रस्ता करून दाखवला आहे. १९६९ चा माथाडी कायदा अण्णासाहेब पाटलांनी मुंबईतल्या माथाडींना संघटित करून उभ्या केलेल्या लढ्यातून आला. पुण्यात बाबा आढावांची हमाल पंचायत होती. या कायद्यानं कामगारांचे आणि मालकांचे सारख्या संख्येचे प्रतिनिधी आणि सरकारचे लोक यांचं मंडळ बनवलं. मी मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरतो. मंडळ मजुरी कामगाराला देतं आणि लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, रजेचे पैसे, दवाखाना यांची सोय होते. ज्या माणसाला कायमचा मालक नाही, रोज चार गाळ्यांवर ज्याचं काम, त्याला पेन्शनीचं वय झाल्यावर हातात रक्कम मिळू लागली. अशा माणसाला कारखान्याचा कायदा लावता येत नव्हता, म्हणून दोन्ही बाजूंनी मिळून चालवायचं नवंच यंत्र उभं केलं गेलं.

माझे वडील नाना पेठेतल्या जुन्या भुसार बाजारात होते. कायदा आला तेव्हा पेढी चालेल का, याचीच त्यांना काळजी होती. नंतर हमालीच्या दरवाढीच्या बैठकांना ते व्यापाऱ्यांच्या बाजूनं बसत. घरी येऊन चिडचिड करत, पण दुसऱ्या दिवशी परत जात. ते म्हणायचे, समोरच्या बाकावरचा मुकादम आपल्या गाळ्यातल्या उलाढालीचा हिशेब आपल्या दिवाणजीपेक्षा जास्त अचूक सांगतो. मी त्या बैठकांना बसू लागलो तेव्हा मलाही हेच दिसलं. दर वाढवून मागणारा माणूस माझा नफा किती हे जाणतो आणि मी त्याच्या पोराच्या कॉलेजची फी किती हे जाणतो. वाराईवरून, म्हणजे ट्रकमधल्या मालाच्या चढ-उताराच्या मजुरीवरून, आजही भांडणं होतात, लेव्हीवरून होतात, माथाडीचं नाव पुढे करून खंडणी मागणाऱ्या टोळ्या औद्योगिक पट्ट्यात आहेत आणि त्यांच्यावर कडक कारवाई झालीच पाहिजे. तरी करार होतात आणि पाळले जातात. ८ डिसेंबर २०२५ रोजी बाबा आढाव गेले. ज्यांच्याशी त्यांनी वर्षानुवर्षं दरावरून झगडा केला, त्या व्यापाऱ्यांनाही आपल्यातलं कुणी गेल्यासारखं वाटलं.

देशपातळीवर असं टेबल नव्हतं असंही नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर जुलै १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले आणि ७ ऑगस्टला त्यांच्या अध्यक्षतेखाली दिल्लीत सरकार, मालक आणि कामगार यांची परिषद भरली. त्याच दिवशी मुंबईत गवालिया टँकवर काँग्रेसचं अधिवेशन सुरू होत होतं, त्यामुळे इतिहासाच्या पुस्तकांत या परिषदेला जागा मिळाली नाही. कामगार कायद्यांत देशभर एकसारखेपणा आणणं, औद्योगिक तंटे सोडवण्याची पद्धत ठरवणं आणि मालक-कामगारांच्या अखिल भारतीय प्रश्नांवर बोलणं, असे तिचे उद्देश होते. चारच वर्षांपूर्वी, १९३८ साली, मुंबई सरकारच्या औद्योगिक तंटे विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबरला कामगारांनी संप केला होता आणि त्या संपाच्या पुढाऱ्यांत बाबासाहेब होते. कामगारांना न विचारता केलेला कायदा रस्त्यावर कसा उतरतो, हे त्यांनी जवळून पाहिलं होतं.

याच परिषदेच्या, म्हणजे भारतीय श्रम परिषदेच्या, १९५७ च्या बैठकीनं किमान वेतन कशावर मोजायचं ते ठरवलं. एका कमावत्यामागे तीन उपभोग घटक (म्हणजे तीन मोठ्या माणसांइतकी कुटुंबाची गरज), दर घटकाला रोज २७०० कॅलरी, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडं, आणि इंधन-दिवाबत्तीसह इतर खर्चासाठी वेतनाचे २० टक्के. हा कायदा नव्हता, तीन बाजूंनी मिळून केलेला ठराव होता. तरी सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्ये रेप्टाकोस ब्रेट या कंपनीच्या खटल्यातल्या निकालात तोच आधार धरला आणि मुलांचं शिक्षण, औषधपाणी अशा गोष्टींसाठी २५ टक्क्यांची भर घातली. वेतन संहितेच्या २०२० मध्ये निघालेल्या नियमांच्या मसुद्यात कापड ६६ मीटर लिहिलं होतं. म्हणजे तेच ७२ वार. समोरासमोर बसून ठरलेली गोष्ट इतकी टिकते.

ती परिषद शेवटची भरली २० आणि २१ जुलै २०१५ रोजी. त्यानंतर नाही. २०१८ मध्ये ठरलेली बैठक पुढे ढकलली गेली, ती गेलीच. संहिता संसदेत आल्या, मंजूर झाल्या, लागू झाल्या आणि या सगळ्या काळात ज्या परिषदेत त्यांच्यावर बोलायचं ती एकदाही भरली नाही. ९ जुलै २०२५ च्या देशव्यापी संपात परिषद बोलवा ही एक मागणी होती. मालक असूनही त्या मागणीला माझा पूर्ण पाठिंबा आहे. भारतानं १९७८ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा त्रिपक्षीय सल्लामसलतीचा १४४ क्रमांकाचा करार मंजूर केलेला आहे. कायद्यापूर्वी मसुदा ३० दिवस लोकांसमोर ठेवावा असं केंद्राचं २०१४ चं धोरण आहे. पण धोरण पाळलं नाही तर कुणाला काही विचारता येत नाही, आणि संकेतस्थळावर इंग्रजीत टाकलेला मसुदा आमच्या टोळीतला कोण वाचणार?

कायद्यानं बांधलेली व्यवस्था कशी असते ते दक्षिण आफ्रिकेत पाहावं. वर्णभेदी सरकारनं १९८८ मध्ये कामगार कायद्यात जबरदस्तीनं बदल केले तेव्हा लाखो कामगार कामावर गेले नाहीत. शेवटी १९९० मध्ये सरकार, मालक आणि कामगार संघटना यांच्यात समझोता झाला की यापुढे कामगार कायद्यातले बदल आधी मालक आणि संघटनांपुढे येतील. १९९१ च्या नोव्हेंबरात मूल्यवर्धित करावरून दोन दिवसांचा मोठा संप झाला आणि त्यातून आर्थिक धोरणावर एकत्र बोलण्यासाठी मंच तयार झाला. लोकशाही आल्यावर १९९४ च्या कायद्यानं दोन्ही धागे एकत्र करून नेडलॅक ही परिषद स्थापन केली. तिथं सरकार, संघटित कामगार, संघटित उद्योग आणि समाजातल्या इतर संघटना बसतात. कामगार कायद्याचं प्रत्येक विधेयक संसदेत जाण्यापूर्वी आणि आर्थिक-सामाजिक धोरणातला प्रत्येक मोठा बदल अमलात येण्यापूर्वी किंवा संसदेत जाण्यापूर्वी तिच्यापुढे आला पाहिजे, असं कायद्यातच लिहिलं आहे. १ जानेवारी २०१९ पासून तिथं लागू झालेलं ताशी २० रँडचं राष्ट्रीय किमान वेतन याच टेबलावर घासाघीस होऊन ठरलं. नेडलॅकमध्येही मोठ्या संघटनांचा वरचष्मा असतो, लहान धंदेवाले आणि बेरोजगार बाहेर राहतात, अशी तक्रार तिथले लोक करतात. ती मला खरी वाटते आणि आपण व्यवस्था करताना ती आधीच ध्यानात घेतली पाहिजे. नेदरलँड्समध्ये १९५० पासून मालक, कामगार आणि तज्ज्ञ यांची परिषद सरकारला सल्ला देते, तेही पाहण्यासारखं आहे.

यावर काही जण म्हणतील, सल्ला कशाला, सभागृहातच जागा द्या. १९३५ च्या कायद्यानं प्रांतिक विधिमंडळांत कामगारांच्या आणि व्यापार-उद्योगाच्या राखीव जागा होत्या. त्याही आधी गोरेगावचे ना. म. जोशी मध्यवर्ती विधिमंडळात कामगारांच्या वतीनं नेमलेले सदस्य म्हणून वर्षानुवर्षं बसले. १९१९ मध्ये वॉशिंग्टनच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेलाही तेच गेले होते. स्वतंत्र भारतात या जागा गेल्या. आपल्या विधान परिषदेच्या ७८ जागांत ७ शिक्षकांच्या आहेत, ७ पदवीधरांच्या आहेत, नियुक्त सदस्यांच्या यादीत साहित्य, विज्ञान, कला, सहकार आणि समाजसेवा आहे. श्रम तिथं नाही, व्यापारही नाही. पदवी असलेल्याला वेगळा मतदारसंघ आणि पाठीवर पोतं असलेल्याला नाही, हे मला अन्यायाचं वाटतं. तरीही मी जागा मागत नाही. निवडून आलेला माणूस पक्षाच्या आदेशानं मत देतो, मग तो शिक्षकांचा असो की हमालांचा. मला मतदान नको आहे, कायदा होण्याआधी लेखी म्हणणं मांडण्याचा हक्क हवा आहे. अंतिम निर्णय लोकांनी निवडलेल्या संसदेचाच राहिला पाहिजे. मुसोलिनीनं इटलीत धंद्यांच्या प्रतिनिधींची सभा बसवून निवडून आलेलं सभागृहच रद्द केलं होतं आणि ते प्रतिनिधी सत्तेनंच निवडलेले होते. म्हणून प्रतिनिधी कोण, हे संघटनांनी स्वतः ठरवावं, मंत्र्यानं नाही.

वेळ जाईल, अशी भीती दाखवली जाते. नव्वद दिवसांची मुदत घाला. तेवढ्यात मत आलं नाही तर विधेयक पुढे जाऊ द्या. पाच वर्षं कपाटात ठेवलेल्या संहितांपेक्षा नव्वद दिवस कमीच आहेत. एकमत होणार नाही, असंही म्हणतात. नाही झालं तरी चालेल. जिथं पटलं नाही तिथं दोन्ही बाजूंची कारणं अहवालात शेजारी शेजारी लिहा, खासदारांना ती वाचू द्या आणि सरकारनं कोणाचं का घेतलं नाही याचं उत्तर त्याच कागदावर द्यावं. खुर्च्या वाटताना मात्र दोन्हीकडच्या निम्म्या लहान माणसांसाठी राखीव ठेवा: कामगारांच्या बाजूनं हमाल, ऊसतोड कामगार, घरकामगार, बांधकाम मजूर, मालकांच्या बाजूनं वीसपेक्षा कमी माणसं असलेले कारखाने, दुकानं, पेढ्या. नाहीतर चार मोठ्या महासंघांचे आणि चार मोठ्या चेंबर्सचे लोक आपसांत मिटवतील आणि आम्ही दोघंही बाहेर उभे राहू. बैठकीची कागदपत्रं राज्याच्या भाषेत मिळाली पाहिजेत. जीएसटीसारखे करही याच कक्षेत आले पाहिजेत.

अर्थसंकल्पापूर्वी दरवर्षी अर्थमंत्री उद्योगांना भेटतात, कामगार संघटनांना भेटतात, लहान उद्योगांना भेटतात. प्रत्येकाला वेगळी वेळ, वेगळी बैठक. प्रत्येक जण आपली यादी देऊन निघून जातो आणि समोरच्यानं काय मागितलं हे त्याला वर्तमानपत्रातून कळतं. त्यातली निदान एक बैठक येत्या वर्षी एकत्र घ्यावी आणि तिचं इतिवृत्त प्रसिद्ध करावं. त्यासाठी नवा कायदाही लागत नाही. भारतीय श्रम परिषद बोलवायलाही लागत नाही. महाराष्ट्रातून लोकसभेवर ४८ आणि राज्यसभेवर १९ खासदार जातात. यांच्यापैकी कुणी येत्या अधिवेशनात सरकारला परिषदेची तारीख विचारणार आहे का, हे तुमच्या वार्ताहरांनी त्यांना विचारावं आणि प्रत्येकाचं उत्तर नावानिशी छापावं, अशी माझी आपल्याला विनंती आहे.

आपला,
मार्केट यार्डातील एक भुसार व्यापारी
गुलटेकडी, पुणे